टिळकवाडीतलं सोनोग्राफी सेंटर: तपासणी चोख, ताटकळणं नको

खोकला-शिंक आली की लघवी सुटायची. खानापूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासली, जंतुसंसर्ग नव्हता, मग बेळगावला सोनोग्राफीला धाडलं. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार आहे. भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून या म्हणायचं आणि वर मागून आलेल्यांचे नंबर आधी घ्यायचे! जिला लघवी धरवतच नाही तिला असं बसवतात होय? संडास एकच, त्याचीही कडी ढिली.

आत मात्र काम चोख. डॉक्टर बाईच होत्या, मराठीत बोलल्या. पोटावरून भरलेलं मूत्राशय मोजलं, लघवी करून या म्हणाल्या, परत मोजलं. मागे ३० मिली उरली होती. ५० च्या आत असली तर काळजी नाही. २०० च्या वर गेली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही असं धरतात. मग प्रोबला, म्हणजे सोनोग्राफीत अंगावर टेकवतात त्या दांड्याला, कव्हर चढवून तो खाली, मांड्यांच्या मध्ये, बाहेरूनच टेकवला. "खोका बघू, आक्का." पडद्यावर मूत्राशयाचं तोंड सर्रकन खाली घसरलं, ते मलाही दाखवलं. दुखलं अजिबात नाही. लाज वाटली, तीही घटकाभर.

नुसत्या सोनोग्राफीवर निदान ठरत नाही, हे त्यांनीच सांगितलं. खानापूरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून ऑपरेशनचं नाव काढलं नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम तीन महिने करायचाय. जाणार असाल तर सकाळचा पहिला नंबर लावा, आणि पिशवीत एक जादा परकर असू द्या.