पिकअपला फोर बाय फोर करून घ्यायचं, की फोर बाय फोरच विकत घ्यायची?

पाऊस लागला, पाणंदीतली काळी माती फुगली, की मोकळ्या हौद्याची पिकअप सगळ्यात आधी अडकते. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना आणि त्या चाकांवर वजनच नाही. चाकं जागेवर गरगर फिरतात आणि गाडी आणखी खाली बसते. मग ट्रॅक्टर बोलवा, टोचन लावा, पैसे मोजा. दोन-तीन पावसाळे असे गेले की कोणीतरी सुचवतोच, "अरे, हिलाच फोर बाय फोर करून घे." म्हणजे इंजिनाची ओढ मागच्या दोनऐवजी चारही चाकांना.

गॅरेजवाल्याच्या तोंडून हे काम फार सोपं वाटतं. पुढे हाउसिंग (चाकं फिरवणारे गिअर आणि दांडे ज्यात असतात ती आडवी नळी) टाकायचं, मध्ये ट्रान्सफर केस (ओढ पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) बसवायची, झालं. याला मोठं कारण जुन्या महिंद्रा जीप. त्यांच्या पुढच्या चाकांखालीही पाटेच (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असायचे आणि टू-व्हील (ओढ फक्त दोन चाकांना), फोर-व्हील दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या. त्यामुळे पुढचा साधा अॅक्सल काढून त्या जागी डिफरन्शियलवालं (डाव्या-उजव्या चाकांत ओढ वाटणाऱ्या गिअरचं) हाउसिंग बसवणं जमून जायचं. आजच्या पिकअपला तोच हिशेब लावण्याआधी गाडीखाली वाकून बघा. पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा अॅक्सल पाट्यांवर बसलेला दिसला, तर निदान बोलणी करता येतील. प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर आणि कॉइल स्प्रिंगवर सुटं असेल, तर चासीलाच कापाकापी आणि वेल्डिंग करावं लागेल. अशा गाडीत मी तरी हात घालू देणार नाही.

आणि काम फक्त हाउसिंगवर थांबत नाही. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस बसली की मागचा प्रॉपेलर शाफ्ट (ओढ चाकांकडे नेणारा लांब दांडा) लांब पडतो; तो कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. पुढचा शाफ्ट नवा बनवायचा. बऱ्याच मॉडेलमध्ये टू-व्हीलच्या गिअरबॉक्सचा मागचा भागच वेगळा असतो, म्हणजे गिअरबॉक्सही बदलायचा. इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली जिथे मोकळी जागा होती, तिथे आता डिफरन्शियलचा गोळा येतो. खड्ड्यात पाटे दबले की तो चेंबरला लागतो. मग गाडी उचला किंवा चेंबर बदला. स्टिअरिंगचे रॉड, ब्रेकचे पाइप, पुढचे पाटे, सगळ्याची फेरजुळणी. शे-सव्वाशे किलो वजन सहज वाढतं, ते मायलेजमधून जातं आणि पासिंगच्या वजनात तेवढा माल कमी भरता येतो.

सगळ्यात महाग पडते ती रेशोची चूक. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा रेशो (चाक एकदा फिरायला शाफ्टला किती फेरे लागतात तो आकडा) सारखाच हवा. समजा मागे ४.३० आहे आणि भंगार बाजारातून आणलेल्या पुढच्या हाउसिंगमध्ये ४.८८ निघाला. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरत असताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा साधारण १३ टक्के जास्त फिरू पाहतात. टायर चिखलात घसरतात तोवर हे खपून जातं. कोरड्या, घट्ट जमिनीवर मात्र सगळा ताण क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यावर) आणि ट्रान्सफर केसच्या चेनवर किंवा गिअरवर येतो आणि काहीतरी तुटतं. म्हणून कन्व्हर्जन करायचंच असेल, तर सुटे भाग इथून-तिथून गोळा करू नका. तुमच्याच मॉडेलची, कंपनीतूनच फोर बाय फोर आलेली एक अपघाती गाडी शोधा आणि तिचं पुढचं-मागचं हाउसिंग, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, शाफ्ट सगळं एकगठ्ठा उचला. कंपनीने तुमच्या मॉडेलची फोर बाय फोर कधी काढलीच नसेल, तर हा विषय इथेच सोडा.

आता कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. आरसीवर मॉडेल असतं, गाडीचं रिकामं वजनही असतं. कन्व्हर्जननंतर यातलं काही खरं राहत नाही. कलम १८२ए खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "कोण बघतंय?" हा युक्तिवाद पांढऱ्या पाटीच्या गाडीला थोडाफार चालतो. पिवळ्या पाटीच्या पिकअपला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेससाठी उभं राहावं लागतं. तिथे बघणारा माणूस असतोच. अपघात झाला आणि विमा कंपनीला न सांगितलेलं हाउसिंग सर्व्हेअरला दिसलं, की क्लेमही अडकतो. त्यामुळे माझ्या मते कन्व्हर्जन फक्त अशा जुन्या गाडीला शोभतं, जी बागेच्या किंवा खाणीच्या आवारातून सार्वजनिक रस्त्यावर येतच नाही.

कंपनीच्या फोर बाय फोरकडे वळलं तर निवड थोडीच आहे. मालवाहू, पिवळ्या पाटीच्या कामाला बोलेरो कॅम्परची फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्ती. किंमत १० लाखांच्या आसपास, गाडी रांगडी, आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात. इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स हा वेगळा खेळ आहे. तिथे बजेट २५-३० लाखांच्या घरात किंवा त्याहूनही वर जातं, गाडी खासगी पासिंगची आणि चालवायला एसयूव्हीसारखी. व्ही-क्रॉस घेताना बिल्ला बघून घ्या, कारण ती टू-व्हीलमध्येही मिळते; हायलक्स भारतात २०२२ मध्ये आली ती फोर बाय फोरच. भाजीचे क्रेट टाकून बाजारात जायला हायलक्स घेणं म्हणजे हौस आहे. हौसेला मोल नाही, पण तिला शेतीचा खर्च म्हणू नये.

हिशेब असा मांडा. कन्व्हर्जनचं बिल, गाडी गॅरेजमध्ये उभी असतानाचं बुडालेलं भाडं आणि विकताना पडणारा भाव. कागदांत न बसणारी गाडी पासिंगचा धसका असलेला गिऱ्हाईक घेत नाही. हे तिन्ही मिळून आपली टू-व्हील विकून वापरलेली कॅम्पर फोर बाय फोर घेण्याच्या फरकाएवढे झाले, तर गॅरेजचा विचार सोडलेला बरा.

तिसरी वाट मात्र बहुतेक जण चाचपतच नाहीत. पिकअप रुतते तेव्हा निम्म्या वेळा मागचे टायर गोटा झालेले असतात. मागे खोल नक्षीचे चांगले टायर, हौद्यात मागच्या अॅक्सलवर बरोबर येतील अशी वाळूची चार पोती घट्ट बांधलेली आणि चिखलात शिरण्याआधी थोडी कमी केलेली हवा (बाहेर आल्यावर ती परत भरायची) एवढ्याने बराच फरक पडतो. त्याच्याही पुढे जायचं तर मागच्या हाउसिंगमध्ये लॉकिंग डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत किंवा चिखलात असलं की घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक ढिम्म राहतं. लॉक झाल्यावर दोन्ही बरोबर फिरतात. बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनी टू-व्हील ड्राइव्हवर हेच देते. उताराच्या जांभ्या दगडातून माल खेचायचा असेल, तर मात्र याने भागणार नाही. तिथे लोअर गिअर लागतो आणि तो फक्त ट्रान्सफर केसमधूनच मिळतो.

वापरलेली फोर बाय फोर बघायला गेलात, तर ती डांबरी रस्त्यावर तपासू नका. मऊ जमिनीवर न्या, फोर हाय (चारही चाकांना ओढ, नेहमीच्या वेगात) लावा, मग गाडी थांबवून फोर लो (तीच ओढ, पण लोअर गिअरमध्ये). लिव्हर अडकतो का, पुढून टकटक येते का, वळणावर स्टिअरिंग जड होऊन झटके देतं का, ते बघा. खाली शिरून पुढच्या हाउसिंगच्या सीलवर तेल ओलं आहे का तेही बघा. आणि आरसीवरचं मॉडेलचं नाव वाचा: तिथे टू-व्हील लिहिलेलं असेल, तर मालक काहीही सांगो, ती कन्व्हर्जन आहे.