मोटर फिरवून दाखवली आणि साडेअठरा हजार नेले

सेल्फचे (इंजिन चालू करणाऱ्या मोटरचे) दोन मोठे बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडून कुणी मोटर गरगर फिरवली आणि "बघा, फिरतोय पण बेंडिक्स पकडत नाही" म्हणाला (बेंडिक्स म्हणजे पुढे सरकून इंजिनाला फिरवणारं दातेरी चाक), तर त्याला तिथूनच परत पाठवा. मी पाठवलं नाही. साडेअठरा हजार रुपये गेले आणि बाबांच्या वेळचा चांगला सेल्फही गेला.

आमची बोट हर्णैची. इंजिन जुनं, सहा सिलिंडरचं, ट्रकमधून काढून बसवलेलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बोट वर ओढलेली होती. ऑगस्ट लागला, बर्फ भरला, खलाशी चढले आणि चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. परत 'टक्'. बॅटरी तर नवी. त्या आठवड्यात बंदरात फिटर मिळणं म्हणजे गणपतीत भटजी मिळण्यासारखं. जो मिळाला त्याला आणला.

त्याने मीटर पिशवीतून काढलाच नाही. ठिणग्या उडवत मोटर फिरवली आणि म्हणाला, "नाखवा, सोलेनॉइड गेला, बेंडिक्स गेलं. आर्मेचरचं खोलल्यावर सांगतो." (सोलेनॉइड म्हणजे सेल्फवरचा चुंबकी स्विच, आर्मेचर म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा.) दुसऱ्या दिवशी करड्या रंगाचा चकचकीत सेल्फ घेऊन आला. पहिल्या चावीला इंजिन लागलं. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारात टाकले. मीही घाईत होतो, पैसे मोजून मोकळा झालो.

आठव्या दिवशी पंधरा वाव पाण्यात नांगर टाकून इंजिन बंद केलेलं. पहाटे चावी फिरवली तर तेच 'टक्'. चुलतभावाच्या बोटीने ओढून आणलं. डिझेलचे पैसे त्याने घेतले नाहीत, पण बोलून घेतलं भरपूर.

मग ट्रकची वायरिंग करणारे एक काका दापोलीहून आले. मला म्हणाले, "तू वर जाऊन चावी धर." बॅटरीवर १२.४ व्होल्ट, सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर ७.१. गियर न्यूट्रलला आहे ना, ते स्वतः पाहून आले आणि बॅटरीच्या बोल्टवरून वायरचा तुकडा त्या बारीक टर्मिनलला टेकवला. इंजिन लगेच लागलं!

सेल्फ ठणठणीत होता, मेली होती ती चावीची वायर. इंजिनापासून वर केबिनमध्ये, अँपिअर मीटरमधून चावीला, तिथून परत खाली, असा तिचा येऊन-जाऊन दहा-बारा मीटरचा फेरा. सोलेनॉइड ओढताना क्षणभर तीसेक अँपिअर मागतो, आणि आमच्या वायरीचं तांबं खाऱ्या हवेने रबराच्या आतपर्यंत काळं पडलेलं. फिटरने बसवताना टोकाचं थिंबल (वायरला दाबून बसवलेली धातूची कडी) पॉलिश पेपरने घासलं होतं. तेवढ्यावर आठ दिवस निघाले.

आणि तो स्क्रूड्रायव्हरचा खेळ? मोठे बोल्ट जोडले की करंट थेट मोटरला जातो. बेंडिक्स पुढे ढकलायचं काम सोलेनॉइडच्या कॉइलचं, तिला कुणी विचारतच नाही. त्यामुळे धडधाकट सेल्फही तसाच मोकळा फिरतो. म्हणजे त्याने मला मोटर चांगली असल्याचा पुरावा दाखवला आणि त्याच पुराव्यावर ती बिघडल्याचे पैसे घेतले. मानलं पाहिजे.

काकांनी सेल्फजवळ ४० अँपिअरची रिले (थोड्याशा करंटवर चालू होणारा स्विच) बसवली, जाड आखूड वायर टाकली, चावीची वायर नुसती रिलेला दिली. सामान सातशेचं. हात पुसता पुसता त्यांनीच विचारलं, "हा तुमचाच सेल्फ का?"

बाबांनी आमच्या सेल्फच्या कानावर (बोल्ट बसतो त्या जागी) छिन्नीने तीन रेघा मारल्या होत्या. त्या नव्हत्या. फिटरला जाऊन विचारलं तर म्हणतो, "नाखवा, इतक्या पार्टांत कुठला कुणाचा, लक्षात राहतं का?" लेखी काही नव्हतं. पावतीसुद्धा मी मागितली नव्हती.

यंदा बंदीत सेल्फ काढून घरी आणलाय. करडा रंग खरवडला तर खाली निळा निघाला, त्याखाली हिरवा. एका कानाला पितळेचा टाका आहे. कुणाच्या बोटीचा असेल तर खूण सांगा आणि घेऊन जा.