दहा-पंचवीस मीटरसाठी एअर रायफलला कोणता स्कोप: स्थिर, एओ की साइड फोकस?

स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, घ्यायला गेलं की दुकानदार आधी मॅग्निफिकेशनचा (चित्र किती पट मोठं दिसतं त्याचा) आकडा सांगतो. घराच्या मागे किंवा शेतावर दहा ते पंचवीस मीटरवर कागदी लक्ष्यावर छर्रे मारणाऱ्याने तो आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी विचारायचं ते हे, की स्कोप सगळ्यात जवळ किती अंतरावर फोकस होतो?

मुलगा किंवा मुलगी स्पर्धेची तयारी करणार असेल, तर मात्र इथेच थांबा. 10 मीटर एअर रायफलच्या ऑलिंपिक प्रकारात स्कोप चालत नाही, तिथे डायॉप्टर म्हणजे पीप साइट, बारीक छिद्रातून नेम धरायची साइट, लागते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये विश्वविजेता झाला तो याच प्रकारात. अशा मुलांचा हात पहिल्यापासून पीप साइटवरच बसू द्या.

बाकीच्यांसाठी तीन पर्याय आहेत.

पहिला, स्थिर पॅरालॅक्सचा, म्हणजे अंतर कारखान्यातच कायमचं जुळवलेला, साधा 3-9×40 (3 ते 9 पट मोठं दाखवणारा, 40 मिमी भिंगाचा). स्वस्त आणि हलका, मोडण्यासारखं त्यात फार काही नाही. पण काडतुसाच्या बंदुकीसाठी बनवलेला स्कोप बहुधा 100 यार्डांवर, म्हणजे साधारण 91 मीटरवर जुळवलेला असतो. दहा मीटरवर 9x लावलं की लक्ष्याची वर्तुळं पुसट होतात. खरा तोटा त्याहून मोठा आहे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट ठेवा, हात न लावता स्कोपमधून बघा आणि डोकं थोडं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. रायफल जागची हललेली नसते, तरी क्रॉसहेअर (आतली नेमाची फुली) लक्ष्यावरून सरकताना दिसतं. हाच पॅरालॅक्स. 40 मिमी भिंगाच्या अशा स्कोपमध्ये दहा मीटरवर ही चूक जास्तीत जास्त 18 मिमीच्या आसपास जाऊ शकते. 10 मीटरच्या लक्ष्याचा काळा गोल सगळा मिळून 30.5 मिमी व्यासाचा असतो, म्हणजे केंद्रावर धरलेला नेम काळ्याबाहेर जाऊ शकतो. ‘आमचा 50 यार्डांवर सेट आहे’ असं कोणी सांगितलं तरी दहा मीटरवर फारसा फरक पडत नाही, तिथेही चूक 15-16 मिमीपर्यंत जाते. पंचवीस मीटरवर मात्र तो स्कोप बराच बरा, साधारण 9 मिमी.

दुसरा, एओ (अ‍ॅडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह). पुढच्या भिंगाभोवतीची रिंग फिरवून अंतर जुळवायचं. चांगले एओ स्कोप 10 यार्डांपर्यंत खाली येतात. स्प्रिंगच्या रायफलसाठी मी हाच घ्यायला सांगेन.

तिसरा, साइड फोकस. हे काम डाव्या बाजूच्या नॉबने होतं, गालावरची पकड न सोडता. सोय मोठी, पण बहुतेक मॉडेल लांब आणि जड असतात. पीसीपीला (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलला) धक्का जवळपास नसतो, तिथे हा शोभतो. स्प्रिंगच्या रायफलवर जास्तीचं वजन माउंटला (स्कोप रायफलवर धरणाऱ्या पकडीला) सरकवत राहतं.

कुठलाही घ्या, स्प्रिंग किंवा गॅस रॅम (स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू) असेल तर खोक्यावर ‘एअरगनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पिस्टन सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन थांबताना पुढे झेपावते. बंदुकीचे कितीतरी स्कोप फक्त मागच्या धक्क्याचा विचार करून बांधलेले असतात. पुढच्या झटक्याने त्यांची आतली भिंगं सैल होतात.

फोकस करताना क्रम चुकवू नका. आधी डोळ्याजवळची रिंग. पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे (सूर्याकडे कधीही नाही) दोन-तीन सेकंद बघा, नजर काढा, रिंग थोडी फिरवा, पुन्हा बघा. एकटक बघत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चूक कळत नाही. क्रॉसहेअर पहिल्या नजरेत काळंभोर दिसलं की ती रिंग कायमची सोडा. मग एओ किंवा साइड नॉबने लक्ष्य स्पष्ट करा आणि डोकं हलवून तपासा. रिंगवरच्या आकड्यांवर विसंबू नका, क्रॉसहेअर हलायचं थांबलं की अंतर जुळलं.

एवढं करूनही छर्रे पसरत असतील तर दोष लगेच स्कोपवर टाकू नका. स्कोप काढून साध्या साइटवर पाच छर्रे मारा. तरीही पसरले तर छर्रे बदलून बघा, पकड सैल करा. स्प्रिंगची रायफल आवळून धरली की नेम हमखास बिघडतो. साध्या साइटवर गट घट्ट आला, तर माउंट बघा. माउंटच्या मागच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ मारा आणि वीसेक छर्ऱ्यांनंतर बघा. माउंट रेघेवर चढला असेल तर तो मागे सरकतोय, स्टॉप पिनवाला (सरकू न देणारी खुंटी असलेला) माउंट घ्या. माउंटच्या रिंगचे स्क्रू मात्र जीव खाऊन आवळू नका, स्कोपची नळी दबते.

ब्रेक-बॅरल रायफलमध्ये आणखी एक भानगड असते: रायफलची नळी किंचित खाली झुकलेली असते. छर्रा खाली लागतो म्हणून स्कोपचा वरचा टरेट (नेम वर-खाली करणारा नॉब) जवळपास शेवटापर्यंत फिरवला, की स्कोपच्या आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो (जुळवलेला नेम) टिकत नाही. त्यावर उपाय माउंटच्या मागच्या रिंगखाली पातळ पट्टी किंवा खास उतार दिलेला माउंट. टरेटच्या क्लिकचा (एका टिकटिकीएवढ्या फिरवण्याचा) हिशोबही लक्षात ठेवा. पाव एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक दहा मीटरवर जेमतेम 0.7 मिमी सरकतो, म्हणजे एक सेंटिमीटरला चौदा क्लिक. दोन-चार क्लिक फिरवून ‘काही होतच नाही’ म्हणत स्कोप परत करणारे बरेच भेटतात.

स्थिर स्कोप आधीच घेतला असेल तर 4x वर आणा, चित्र बरंच सुधारेल. आणि डोळा दर वेळी बरोबर मध्यावर येईल असा गालाचा टेकू बांधा, पॅरालॅक्सची चूक तिथेच सगळ्यात कमी राहते. स्कोपच्या पुढच्या भिंगाची रिंग उघडून भिंग फिरवायचा, म्हणजे अंतर जवळचं जुळवायचा, सल्ला मिळेल, तसं करता येतं. पण धुकं धरू नये म्हणून आत भरलेला नायट्रोजन जातो, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात अशा स्कोपच्या आत धुकं धरतं.