१८,४१५ रुपयांचे ‘नॅरो’ अ‍ॅक्सल: आरसी जीप बांधणाऱ्यांनी आधी हे वाचा

दहाव्या भागाची, म्हणजे खऱ्याच्या एक दशांश मापाची आरसी (रिमोटवर चालणारी) जीप बांधताय आणि नॅरो, म्हणजे आखूड अ‍ॅक्सल शोधताय, तर ‘सीएनसी ब्रास, हब टू हब १२६, जोडी १४,५००’ ही जाहिरात तुमच्या मोबाईलवर आली असेल किंवा येईल. (हब टू हब म्हणजे अ‍ॅक्सलच्या चाकं बसतात त्या दोन टोकांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये.) त्या माणसाला एक रुपयाही पाठवू नका. माझे १८,४१५ गेले. हिशोब सांगतो. आधी अ‍ॅडव्हान्स ८,०००. मग ‘कस्टम’चे ३,९१५. मग माल सुटण्याआधी उरलेले ६,५००. सगळे यूपीआयने, सगळे एकाच वैयक्तिक खात्यावर. हसणाऱ्यांनी आत्ताच हसून घ्या, घरच्यांचं हसून झालंय.

आता ‘एवढ्यासाठी एवढे पैसे कामून घातले’ म्हणणाऱ्यांसाठी. जुन्या विलीज एमबीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८० इंच आणि ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं) ४९ इंच. आपल्याकडच्या महिंद्राच्या जुन्या जीपा त्याच घराण्यातल्या. दहाव्या भागात व्हीलबेस येतो २०३ मिलिमीटर आणि ट्रॅक साधारण १२४. बाजारातल्या क्रॉलरचे (खडकांवर चढणाऱ्या आरसी गाड्यांचे) नेहमीचे अ‍ॅक्सल याहून पुष्कळ रुंद. ते लावले की टायर मडगार्डच्या बाहेर येतात आणि जीपचा खेकडा होतो. पातळ हेक्स (चाक बसतं ती षटकोनी चकती) लावून मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाचतात. चाक जास्तीत जास्त आत घेणारी रिम घातली तर आणखी थोडं, पण मग स्टिअरिंग वळवताना टायर लीफ स्प्रिंगला घासतो. खरा इलाज दोनच. आखूड अ‍ॅक्सल विकत घ्या, नाहीतर आहे तो कापा. कापायचं म्हणजे नुसती ट्यूब कापून भागत नाही, हाफ शाफ्टही (ट्यूबच्या आतला, चाक फिरवणारा दांडा) आखूड करून त्याचं लॉकरमध्ये (दोन्ही शाफ्ट जोडणारा मधला भाग) बसणारं टोक परत घडवावं लागतं. वाळूज एमआयडीसीत आमच्या कंपनीत लेथ आहेत, नाही असं नाही. पण कंपनीच्या मशीनवर घरचा जॉब लावणं म्हणजे नोकरीवर पाणी. म्हणून विकत घ्यायचं ठरवलं. यात गुन्हा काय केला?

फोटो पाठवले त्यानं. एका फोटोत पुढचा अ‍ॅक्सल डिजिटल व्हर्नियरमध्ये धरलेला, डिस्प्लेवर १२६.०४. तो आकडा बघूनच मी खूश. मी क्वालिटीत काम करतो. दिवसभर माझ्या हातात व्हर्नियरच असतो, पोरांना तो धरायचा कसा हे मीच शिकवतो. आणि मला दिसलं नाही! सहा इंची व्हर्नियर म्हणजे १५० मिलिमीटर. १२६ ला स्लायडर थांबला तर पुढं पट्टीवर चांगली दोन बोटं जागा उरते. त्या फोटोत स्लायडर पट्टीच्या टोकाला भिडला होता. पट्टीवर कोरलेले आकडेसुद्धा स्वच्छ वाचता येत होते: जबडा उघडलाय १४८ ला. त्यानं २२ वर झिरोचं बटण दाबलं आणि मग अ‍ॅक्सल धरला. झालं १२६. शिकाऊ पोरगंसुद्धा माप घेण्याआधी जबडा मिटून झिरो बघतं.

पण मी म्हणतो, दिवसपाळी करून आलेला माणूस रात्री मोबाईलवर फोटो बघतो तेव्हा डिस्प्लेच बघणार ना? शंका आली नव्हती असंही नाही. वजनकाट्यावर ठेवून फोटो पाठवा म्हणलं होतं. ‘काटा बिघडलाय दादा.’ पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं, प्लास्टिकची तर बातच सोडा. म्हणून काट्यावरच्या फोटोशिवाय ब्रासचा पार्ट घेऊच नका. आणि तो फोटोही व्हिडिओ कॉलवर, त्याच मिनिटाला.

कस्टमचं तर आता आठवलं तरी डोकं तापतं. तो म्हणे, ‘पुढचा अ‍ॅक्सल पुण्यात माझ्याकडं आहे, मागचा मुंबईत कस्टममध्ये अडकलाय.’ परदेशी पार्सलची ड्युटी कुरिअरवाला किंवा पोस्टमन पावती देऊन घेतो, कुणाच्या खासगी क्यूआर कोडवर ती जात नसते.

पार्सल आलं. वर छापलेलं: ‘टॉय पार्ट्स, किंमत ३५०’. आत सोनेरी स्प्रे मारलेले प्लास्टिकचे अ‍ॅक्सल, हब टू हब १४८. मुद्दाम जबडा मिटून, झिरो बघून मोजले. खोके उघडतानाचा व्हिडिओ काढला होता, तो तुम्हीही काढाच. फोन केला तर ब्लॉक.

आणि इथून पुढं खरा तमाशा. आमच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो. समोरच्या जमादारानं पहिलं विचारलं, ‘लेकराची गाडी का?’ माझी म्हणलं. मग आतल्यांना बोलावून दाखवली. साहेब म्हणाले, माल मिळालाय ना, मग हा दिवाणी वाद. मी म्हणलं, साहेब, पितळ सांगून प्लास्टिक दिलंय, १२६ सांगून १४८ दिलंय. तर म्हणे दोन सेंटिमीटरसाठी गुन्हा दाखल करायचा का? साहेब, दहाव्या भागात ते २२ मिलिमीटर म्हणजे खऱ्या जीपला २२ सेंटिमीटर! पण सांगता कुणाला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, त्यात रुंदीची अट नाही. हे मी बोललो आणि ते चिडले. अर्ज ठेवून जा, म्हणाले. पोच मागितली तर ‘शिक्का संपलाय’. शिक्का कसा संपतो?

बँकेत आणखी गोड बोलले. पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्याच संमतीनं झालाय, आम्ही काय करणार. समोरच्या खात्याचा तपशील? गोपनीय. चोराची गोपनीयता जपायला सगळे तयार. ग्राहक आयोगात जा म्हणणाऱ्यांनो, नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि पार्सलवरचा पत्ता खोटा निघाला.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, समोरच्या खात्यात रक्कम पडून असेल तर ती अडवता येते. मी केला पार्सल उघडल्यावर, तोवर खातं रिकामं. पार्सल पाठवायचं कारणच ते. माल वाटेत आहे म्हणून आपण गप्प बसतो.

तोच फोटो आता वेगळ्या नावानं फिरतोय, भाव १३,९००. डिस्प्लेवर तेच १२६.०४, स्लायडर तसाच टोकाला. तुमचे पैसे गेले असतील तर लाजेनं गप्प बसू नका. यूपीआयचा यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), चॅट आणि पार्सलवरचं लेबल जपून ठेवा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. माझी तिथं आहेच. एकाच खात्यावर चार तक्रारी जमल्या तर ‘दिवाणी वाद’ म्हणताना त्या साहेबांची जीभ उलीशी तरी अडखळेल.