सोन्याच्या टंच पावत्या: आधी कॅलिफोर्निया की कॉमस्टॉक?

अमेरिकेतल्या गोल्ड रशच्या, म्हणजे सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीच्या, काळातल्या टंच पावत्या (सोन्या-चांदीची शुद्धता तपासून दिलेले कागद) जमवायच्या ठरवल्या, तर पहिले पैसे कशात घालावेत? 1850 च्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पावतीत, की 1860-70 च्या काळातल्या नेवाडाच्या कॉमस्टॉक खाणींच्या? माझा कौल कॉमस्टॉकला आहे. तरी कॅलिफोर्नियाची बाजू आधी नीट मांडतो, कारण मन तिकडेच जास्त ओढलं जातं.

जानेवारी 1848 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलोमाला सोनं सापडलं. खाणकाम्याला जागेवर सोन्याच्या चुऱ्याचे औंसाला साधारण 16 डॉलर मिळत, तर शुद्ध सोन्याचा सरकारी दर होता 20.67 डॉलर. चुरा शुद्ध नसे हे खरं, पण त्याचा टंच धरूनही माणूस नागवला जाई. म्हणून टंचवाल्याचा कागद मोलाचा. सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ 1854 मध्ये सुरू झाली. तोवर मोफॅटसारख्या खासगी पेढ्या आणि 1851 पासून सरकारनं नेमलेले टंचवाले ऑगस्टस हम्बर्ट यांच्यावरच भिस्त होती. त्या काळातली पावती मिळणं फार कठीण. 1849 ते 1851 मध्ये शहर पुन्हापुन्हा जळलं आणि 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत आणखी दप्तरं गेली.

कॉमस्टॉकची गोष्टच टंचापासून सुरू होते. 1859 मध्ये तिथले लोक सोनं धुताना चिकटणाऱ्या निळसर मातीला वैतागून ती फेकून देत. तिचा नमुना सिएरा पर्वतापलीकडे कॅलिफोर्नियात तपासला गेला आणि टनामागे हजारो डॉलरची चांदी निघाली. मग या खाणींच्या व्हर्जिनिया सिटी गावाकडे रीघ लागली.

इथे कागद दोन प्रकारचे. एक खनिजाच्या नमुन्याचा दाखला: टनाला किती डॉलर सोनं, किती चांदी. दुसरी लगडीची पावती, आणि तीच घ्या. तिच्यावर लगडीचा क्रमांक, वितळवण्याआधीचं वजन आणि नंतरचं वजन असतं. मधली घट म्हणजे वाळू, ओल आणि खनिजातून धातू काढायला वापरलेला, तापवताना उडून गेलेला पारा. पुढे सोन्याचा टंच वेगळा, चांदीचा वेगळा. तो काढायला लगडीचा कपचा शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवत. शिसं राखेत मुरे, उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळे आणि राहिलेलं सोनं तोलत. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडच्या गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा) करणाऱ्या घरातल्या माणसाला ही पावती कुणी समजावून सांगायला नको.

कॉमस्टॉकच्या लगडीत वजनाला चांदीच फार, पण किमतीत सोन्याचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर. हे एका कागदावर आकड्यांत दिसतं, कॅलिफोर्नियाच्या पावतीत ती मजा नाही. शिवाय 1862 ते 1872 मधल्या पुष्कळ कागदांवर यादवी युद्धाच्या खर्चासाठी बसवलेल्या कराचा रेव्हेन्यू स्टॅम्प आढळतो, त्यामुळे काळ ठरवायला आधार मिळतो. आणि हे कागद मिळतातही. चार पावत्या शेजारी ठेवून अक्षर, शाई, छपाई पारखता येते. ही नजर तयार होण्याआधी कॅलिफोर्नियाच्या महागड्या कागदाला हात घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

नकलांचं भय दोन्हीकडे आहे. पिवळट कागदावर छापलेल्या स्मृतिचिन्हांपासून दूर राहा आणि कोऱ्या छापील फॉर्मवर हल्ली कुणी आकडे भरले नाहीत ना ते पाहा. यात सगळ्यात उपयोगी पडतो तो गुणाकार. कॅलिफोर्नियाचं सोनं नेताना 1857 मध्ये बुडालेल्या सेंट्रल अमेरिका जहाजावरची, सॅन फ्रान्सिस्कोच्या केलॉग अँड हम्बर्ट या टंचवाल्या पेढीची ‘युरेका’ लगड घ्या. तिच्यावर कोरलंय: 933.94 औंस, टंच 903 (हजारात 903 भाग शुद्ध सोनं), किंमत 17,433.57 डॉलर. वजन गुणिले .903 गुणिले 20.67183 (तोच सरकारी दर, पुरता मांडलेला) करा, दोन-तीन सेंटांच्या फरकानं तोच आकडा येतो. पावतीवरच्या सोन्याचा हिशेबही असाच जुळायला हवा. चांदीसाठी त्या काळचा टांकसाळीचा दर औंसाला 1.2929 डॉलर धरा. मोठी तफावत दिसली तर विक्रेत्याला विचारा, आणि समाधान झालं नाही तर सोडून द्या.

अपवाद एकच. तुम्हाला सेंट्रल अमेरिकेच्या खजिन्याचाच ध्यास असेल, तर कॉमस्टॉकच्या वाटेला जाऊ नका. केलॉग अँड हम्बर्टच्या 1855 ते 1857 मधल्या एखाद्या भरलेल्या, सही असलेल्या पावतीसाठी पैसे साठवा आणि थांबा.