टीएलएस प्रोग्राममध्येच, की पुढे एनजिनएक्स?

महापे येथील एखाद्या छोट्या कार्यालयासाठी पायथनमध्ये सुरक्षित सॉकेट सर्व्हर (नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या स्वीकारणारा प्रोग्राम) लिहिताना टीएलएस, म्हणजे जोडणीचे एन्क्रिप्शन, प्रोग्राममध्येच करावे की पुढे एनजिनएक्स हा मध्यस्थ सर्व्हर ठेवावा, हे आधी ठरवावे लागते. पहिल्या पर्यायात कोड थोडाच लागतो. मात्र नव्या जोडण्यांसाठी ऐकणाऱ्या सॉकेटलाच टीएलएसचे वेष्टन घातले, तर जोडणी स्वीकारणाऱ्या अ‍ॅक्सेप्ट कॉलच्या आतच हँडशेक (एन्क्रिप्शनची सुरुवातीची बोलणी) होतो आणि जोडणी करून गप्प बसलेला एकच क्लायंट बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवतो. म्हणून हँडशेक स्वतंत्र थ्रेडमध्ये (प्रोग्राममधील समांतर धाग्यात), कालमर्यादा घालूनच करावा. एवढे पथ्य पाळले, तर मोजक्या क्लायंटसाठी मी हाच मार्ग निवडेन. एनजिनएक्स ही कटकट स्वतःकडे घेतो, परंतु तो त्याच यंत्रावर असल्यास प्रोग्रामला प्रत्येक क्लायंटचा पत्ता १२७.०.०.१ (म्हणजे तेच यंत्र) दिसतो; खरा पत्ता हवा असल्यास एनजिनएक्समध्ये तो पुढे कळवणारा प्रॉक्सी प्रोटोकॉल सुरू करून त्याची पहिली ओळ आपणच वाचावी लागते.