व्हॉलंटियरांच्या ऑर्डरसाठी गूगल फॉर्म घ्यावा की वेब अ‍ॅप?

बेघर लोकांसाठी फिरतं क्लिनिक चालवणाऱ्यांना ऑर्डरचं अ‍ॅप हवं असतं, म्हणजे रस्त्यावरचा व्हॉलंटियर मोबाईलवरून ड्रेसिंग, मोजे, ओआरएस, ग्लुकोज स्ट्रिप मागवणार आणि क्लिनिकमधले लोक बॅग भरून ठेवणार. फिरून फिरून गाडी दोन पर्यायांवर येते, एक तर गूगल फॉर्म आणि त्याची शीट, नाहीतर वेब अ‍ॅप, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारं पण होम स्क्रीनवर ठेवता येणारं. मी दोन्ही वापरलंय, आधी फॉर्म आणि आता वेब अ‍ॅप.

स्टोअरवरचं अ‍ॅप मी सुरुवातीलाच बाजूला ठेवलं. अ‍ॅपलला दरवर्षी 99 डॉलर, प्ले स्टोअरवर नवीन वैयक्तिक खातं असेल तर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ते वापरून बघणारे 12 टेस्टर सलग 14 दिवस हवेत, आणि एवढं करून दोन शनिवारच येणाऱ्या माणसाला ते इन्स्टॉल करायला लावायचं. अ‍ॅपशीट (कोड न लिहिता अ‍ॅप बनवायचं गूगलचं साधन) ऑफलाइन चालतं, चांगलं आहे, पण पैसे माणसामागे आणि आमच्याकडे माणसं सारखी बदलतात.

फॉर्मचं कौतुक करायलाच हवं. एका संध्याकाळी तयार होतो. एखादं मलम संपलं की सिस्टर स्वतःच तो पर्याय काढून टाकतात, कोणाला विचारायला नको. वेब अ‍ॅपमध्ये ही सोय आपण मुद्दाम करून द्यावी लागते, नाहीतर प्रत्येक बदलाला तुम्हालाच फोन येणार.

मग मी फॉर्म का सोडला, तर एका पावसाळी रात्रीमुळे. पुलाखाली एका काकांचे बूट काढले, कितीतरी दिवस ओल्या मोज्यात राहून पाय पांढरे पडलेले, सुरकुतलेले, टाचेला भेग. आमची एक व्हॉलंटियर तिथेच उकिडवी बसून एका हाताने टॉर्च धरून फॉर्म भरत होती, मोजे, ड्रेसिंग, अँटिसेप्टिक, सगळं नीट टाकलं आणि सबमिट दाबलं तर गोल फिरत राहिलं आणि मग नेट नसल्याचं पान. मागे गेली तर फॉर्म कोरा, कारण लॉगिनची कटकट नको म्हणून आम्ही तो लॉगिनशिवाय ठेवलेला, त्यामुळे मसुदाही नाही. तिने परत भरला, परत तेच. सकाळी शीटमध्ये एकसारख्या दोन ओळी, म्हणजे पहिली गेली होती, फक्त पोच परत आली नव्हती. दोन बॅगा भरल्या गेल्या. त्याच रात्रीची दुसऱ्या एका माणसासाठीची ऑर्डर मात्र आलीच नाही आणि त्याच्यासाठी कोणी बॅग भरलीच नाही. ऑर्डर गेली की नाही हे रस्त्यावर उभ्या माणसाला कळू नये, हे मला आजही खटकतं.

वेब अ‍ॅपमध्ये ऑर्डर आधी फोनमध्येच सेव्ह होते, तिथेच तिला स्वतःचा नंबर मिळतो आणि रेंज आली की जाते, तोच नंबर दोनदा आला तरी सर्व्हर एकच धरतो. ऑर्डरखाली 'फोनमध्ये आहे' किंवा 'क्लिनिकला पोचली' एवढंच दिसतं आणि आमच्या लोकांना तेवढंच हवं होतं. बटणंही मोठी ठेवता येतात (बोटाला साधारण 9 मिलिमीटर तरी जागा हवी), ग्लोव्हज घालून दाबताना हा फरक कळतो. आणि फॉर्मच्या 'इतर' रकान्यात लोक पेशंटचं नावगाव लिहायचे, ते आता होत नाही, कारण फक्त जागा आणि बॅगचा कोड मागितलाय. फोन हरवतात हो, त्यात कोणाचं आजारपण नको.

अडचणी आहेत, आयफोनवर जास्त. सफारी (आयफोनचा ब्राउझर) अ‍ॅप बंद असताना मागच्या मागे काही पाठवत नाही, अ‍ॅप परत उघडावंच लागतं, म्हणून वर पिवळी पट्टी ठेवलीय, 'इतक्या ऑर्डर बाकी'. शिवाय नुसत्या सफारीच्या टॅबमध्ये वापरलं तर सफारी वापरात असताना 7 दिवस ते पान उघडलं नाही की सेव्ह केलेला डेटा पुसला जातो, होम स्क्रीनवरच्याला हा नियम लागू नाही.

तुमचं काम एकाच हॉलमध्ये, चांगल्या वायफायवर असेल तर माझ्या मते फॉर्म पुरेसा आहे, उगाच कोड सांभाळत बसू नका. पण पुलाखाली, स्टेशनमागे जात असाल तर मी तरी वेब अ‍ॅपच म्हणेन, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा फोन हातात घेऊन ते होम स्क्रीनवर स्वतः टाकून द्या, नुसतं सांगून लोक टाकत नाहीत.